तोच हा

संगणकावर जपलेल्या गाण्यांच्या संग्रहात कधी ना कधी एक अवस्था येते. यादीत अभंगाचे नाव असते, गाणाऱ्याचे नाव असते, किती मिनिटांचा आहे तेही असते; पण नावावर टिचकी मारली की आवाज येत नाही. ओळीच्या बाजूला उद्गारचिन्ह उमटते किंवा ओळ राखाडी होते आणि मूळ फाइल सापडत नाही असा निरोप येतो. बहुतेक वेळा फाइल नष्ट झालेली नसते, जागेवरून हललेली असते. यादी गाणे साठवत नाही, गाण्याचा पत्ता साठवते, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. एम३यू नावाची जी साधी यादी गाणी वाजवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरना वाचता येते, ती उघडून पाहावी. तिच्यात स्वर नाही, नुसत्या ओळी आहेत. अमुक ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्यात अमुक नावाची फाइल. संगणक बदलला, सगळी भजने नव्या हार्ड डिस्कवर नेली, डी होता तिथे ई आला, की एका अक्षराच्या फरकाने हजारभर ओळी एकदम खोट्या पडतात. नाव समोर आहे, ज्याचे नाव आहे तेही त्याच खोलीत आहे, आणि दोघांची भेट होत नाही. ही अडचण तांत्रिक आहे हे खरेच. पण नाव आणि नामी यांना जोडून ठेवणारे नेमके काय, या आपल्याकडच्या फार जुन्या प्रश्नाचे इतके स्वच्छ रूप मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

हा प्रश्न पनवेलमध्ये बसून विचारण्याला कारण आहे. इथे पत्ते केवळ संगणकात बदललेले नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली, आणि खारघर, कामोठे, कळंबोली ही शेती-मिठागरांच्या मुलखातल्या गावांची नावे सेक्टर आणि प्लॉट क्रमांकांच्या वसाहतींना लागली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली वाडा अशा दहा वस्त्या उठल्या. त्यांतली घरे वडघर, वहाळ अशा ठिकाणी नव्याने बसली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिथून विमाने उडू लागली. या सगळ्या पट्ट्यात आगरी, कोळी, कराडी समाजाची वस्ती आणि गावोगाव भजनी मंडळे. लग्नात धवले गाणारी धवलारीण ही या पट्ट्याची आणखी एक ठेव. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या विधींना तिचे गाणे लागते आणि तिचे स्थान जवळजवळ पुरोहिताचे असते. धवला हा शब्द मराठीत तेराव्या शतकापासूनचा. महानुभावांच्या महदाइसेचे धवले आपण मराठी कवितेच्या आरंभाशी ठेवतो. पनवेल-उरणकडच्या धवलारणींचे धवले मात्र कागदावर जगले नाहीत, कंठात जगले. पुढे त्यातले काही कॅसेटवर उतरले. कॅसेटवरून एमपी३ झाले, आणि फोल्डरला बहुधा गावाचे नाव पडले, कारण गाण्याची ओळख गावावरूनच सांगायची रीत होती. आता फोल्डर हलला की संगणकातला पत्ता मोडतो, आणि त्या फोल्डरवर ज्या गावाचे नाव आहे तोही पत्ता जमिनीवर मोडलेला असतो. धावपट्टीखाली गेलेल्या अंगणात गायलेला धवला आता कुठला म्हणायचा?

माझे म्हणणे असे की तुटलेला दुवा हा कचरा नव्हे. ती अर्धी ओळख आहे. यादीतली मुकी ओळ म्हणजे प्रत्यक्षाविना उरलेली स्मृती, आणि डिस्कच्या कोपऱ्यात ‘ट्रॅक ०७’ या नावाने पडलेली फाइल म्हणजे स्मृतीविना उरलेले प्रत्यक्ष. दोन्ही अर्धी एकत्र येऊन ‘तोच हा’ असे ज्या क्षणी म्हटले जाते, त्या ज्ञानाला आपल्या दर्शनांनी प्रत्यभिज्ञा म्हटले आहे. प्रत्यभिज्ञेत जुना संस्कार आणि समोरचा अनुभव एकाच वेळी लागतात. नुसत्या आठवणीने ती होत नाही आणि नुसत्या पाहण्यानेही होत नाही. अद्वैत वेदान्ताने महावाक्याचा अर्थ लावताना देवदत्ताचे उदाहरण घेतले, ते इथे अक्षरशः लागू पडते. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. ‘तो’ या शब्दात तेव्हाचा काळ आणि तिथली जागा आहे. ‘हा’ या शब्दात आत्ताचा काळ आणि इथली जागा. या दोन जागा एक होऊ शकत नाहीत. वाक्य खरे ठरते ते दोन्ही शब्दांतला जागा-काळाचा भाग सोडून माणूस तेवढा राखल्याने. वेदान्ती याला भागत्यागलक्षणा म्हणतात. संगणकाच्या यादीला हा त्याग जमत नाही. तिच्यापाशी ‘तो’ आहे, पण तो जागेशी इतका चिकटलेला आहे की जागा गेली की तिला देवदत्तही गेला असे वाटते.

याच्या उलट आपल्या घरातल्या धर्माने जागेपासून ओळख सोडवायला फार पूर्वीच शिकवले आहे. पेणच्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ती भाद्रपदाआधी पनवेलवरून पुढे जातात. दरवर्षी माती नवी, रंग नवे, चौरंगही कदाचित नवा. प्राणप्रतिष्ठा झाली की घरातले कोणी त्याला नवा गणपती म्हणत नाही. दरवर्षी येणारा तोच आला असे म्हणतात. काही दिवसांनी वडाळे तलावात तीच माती विरघळते आणि गणपती गेला या शब्दांत गेला म्हणजे संपला असा अर्थ कोणाच्या मनात नसतो. मूर्तीच्या जीर्णोद्धारातही हेच तत्त्व आहे. जुन्या मूर्तीतले देवत्व कलशातल्या पाण्यात आवाहन करून राखायचे आणि मग नव्या मूर्तीत किंवा नव्या जागी पुन्हा प्रतिष्ठित करायचे. म्हणजे स्थलांतराच्या मधल्या काळात देव कुठे आहे, या प्रश्नाला विधीने उत्तर दिले आहे आणि त्या काळात तो कुणाच्या तरी हवाली केला आहे. वारकरी परंपरा सांगते की विठ्ठलाची मूर्ती एकदा विजयनगरला गेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास ती पंढरपूरला परत घेऊन आले. इतिहासकारांचे या कथेबद्दल एकमत नाही. पण हंपीच्या भव्य विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे, आणि त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभे राहिले की पत्ता शाबूत असून नामी नसणे म्हणजे काय ते कळते. यादीतल्या राखाडी ओळीत आणि त्या गाभाऱ्यात मला एकच पोकळी दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे सारे यंत्राने करता येते, त्यात ओळखीचे तत्त्वज्ञान कशाला? फाइलचा पत्ता ठेवण्याऐवजी तिच्या बाइट्सवरून काढलेली एक संख्या, म्हणजे हॅश, ठेवावी. फाइल कुठेही जावो, संख्या जुळली की तीच ती. किंवा ध्वनीचा ठसा काढावा; नाव बदलले, रूप थोडे बदलले तरी ठसा जुळतो. हे उपाय चांगले आहेत आणि ज्यांना जमेल त्यांनी जरूर वापरावेत. पण त्यांची मर्यादा पाहण्यासारखी आहे. फाइलच्या आत लिहिलेल्या शीर्षकातली वेलांटीची एक चूक दुरुस्त केली की साधा हॅश बदलतो. ज्याने प्रेमाने शुद्धलेखन सुधारले त्याचीच फाइल यंत्राच्या लेखी परकी होते. ध्वनीचा ठसा काम करतो तो आधीच भरलेल्या कोशाशी ताडून. बाजारात निघालेल्या तबकडीचा ठसा तिथे असेल; कोल्हीच्या हरिनाम सप्ताहात कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून घेतलेल्या काकड्याचा ठसा जगातल्या कुठल्या कोशात असणार? आणि ठसा जुळला तरी तो तेच ध्वनिमुद्रण सांगतो. तोच अभंग दुसऱ्या बुवांनी दुसऱ्या चालीत गायला तर यंत्राला ती दोन अनोळखी माणसे वाटतात, आणि मंडळातल्या म्हाताऱ्याला पहिल्या दोन शब्दांतच कळते की हा तोच अभंग, फक्त चाल निराळी.

यंत्राच्या आणि माणसाच्या ओळखीतले अंतर मराठी लिपीतच एका ठिकाणी उघडे पडते. फोल्डरला ‘वारकऱ्यांची भजने’ असे नाव दिले आहे असे धरू. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांनीही लिहिता येतो, आणि र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही त्याचे रूप उमटवता येते. वाचणाऱ्याला तिन्ही एकच. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत असे नाव सुटे करून, नुक्ता वेगळा ठेवून साठवले जाई. तेच दुसऱ्या संगणकावरच्या यादीत जोडलेल्या रूपात असले की दोन नावे जुळत नाहीत आणि दुवा तुटतो. फाइल आहे, फोल्डर आहे, पडद्यावर अक्षर न् अक्षर तेच दिसते आहे, तरी यंत्र म्हणते की असे काही इथे नाही. वर्ण तोच की निराळा, हा वाद आपल्याकडेही झाला. मीमांसक म्हणत, ग हा वर्ण कोणीही कधीही उच्चारला तरी ‘तोच हा गकार’ अशी ओळख पटते, म्हणून वर्ण नित्य आहे आणि उच्चार फक्त त्याला प्रकट करतो. नैयायिक म्हणत, तसे नाही. आजाऱ्याला वैद्याने जे औषध दिले ‘तेच’ मीही घेतो असे आपण म्हणतो तेव्हा ती एकच पुडी नसते, एका जातीची दुसरी पुडी असते, आणि वर्णांचेही तसेच. हा वाद दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालला. युनिकोडच्या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूने उभा राहीन. तीन प्रकारचे ऱ खरोखरच तीन निराळ्या पुड्या आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन पुड्यांना एका जातीत घालण्याचा नियम माणसांनी बैठका घेऊन ठरवला आणि तो पाळणारी प्रणाली तेवढी त्या दोन्ही एक मानते; तिसरी त्या नियमाबाहेरच राहते. त्या नियमाच्या मुळाशीही मराठी वाचणाऱ्याचा डोळाच आहे, ज्याला तिन्ही एकच दिसतात.

मग पत्त्यावर भरवसा न ठेवता ओळख वस्तूच्या आतच का घालू नये? हा विचार संतांनी केला होता, असे मुद्रिकांकडे पाहिले की वाटते. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका, नामा, एका जनार्दनी ही नावे गुंफलेली असतात. अभंग कुठेही जावो, वहीतून वहीत, गावातून गावात, कर्त्याचे नाव त्याच्या देहातच आहे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीही हेच सुचले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले तेव्हा शेवटी तिने स्वतःचे नाव उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना भाषा कळत नव्हती, नाव ऐकूनच चिठ्ठी चिकटवायची होती. एमपी३ फाइलमध्ये आयडी३ नावाची जी टाचणी असते तीही याच जातीची. १९९६ मधली तिची पहिली आवृत्ती फाइलच्या शेपटाला १२८ बाइट्सची जागा घेई आणि त्यात शीर्षकाला फक्त ३० बाइट्स. देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स लागतात, म्हणजे ‘वारकऱ्यांची’ हा एकटा शब्दही त्या जागेत मावत नाही. पुढच्या आवृत्त्यांनी ही अडचण दूर केली. तरीही आतल्या नावाने प्रश्न मिटत नाही, आणि त्याचा पुरावा पुन्हा अभंगांतच आहे. तुकोबांची मुद्रा लावून इतरांनी अभंग रचले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा मिसळला. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी १८६९ ते १८७३ या काळात तुकोबांच्या अभंगांची आवृत्ती सिद्ध केली, ती करताना देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून पाहाव्या लागल्या. मुद्रिका हा त्यांना पुरावा होता, निर्णय नव्हता. निर्णय घ्यायला अशी माणसे लागली ज्यांच्या कानात तुकोबांची भाषा मुरलेली होती. आतले नाव असो वा बाहेरचा पत्ता, दोन्ही साक्षीदार आहेत. निवाडा त्यांच्या हातात नाही.

दुसरा आक्षेप बौद्धांच्या बाजूने येतो आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. ओळख पटते म्हणून वस्तू तीच, हे कशावरून? दिव्याची ज्योत रात्रभर तीच दिसते, पण क्षणाक्षणाला नवे तेल जळत असते. कापलेले केस पुन्हा वाढले की आपण तेच केस म्हणतो. साम्यामुळे ऐक्याचा भास होतो, एवढेच. फाइलींच्या जगात तर हे शब्दशः खरे आहे. नव्या डिस्कवर ‘हलवलेली’ फाइल हललेली नसतेच. तिची प्रत नव्या जागी लिहिली जाते आणि जुनी खोडली जाते. कॅसेटवरून संगणकावर येताना टेपची खरखर आली आणि उंच स्वर थोडे बोथट झाले. एमपी३ करताना कानाला फारसे जाणवणार नाहीत असे गृहीत धरून ध्वनीचे अंश कायमचे टाकून दिले. मग तोच धवला म्हणणे ही मनाची समजूत नाही का? माझे उत्तर असे की ‘तेच’ या शब्दाने आपण नेहमी एकच गोष्ट म्हणत नसतो. टेपवरच्या चुंबकीय कणांपुरते बोलायचे तर बौद्ध बरोबर आहेत. ते कण संपले. पण धवलारीण जेव्हा गात होती तेव्हाही तिचा धवला हा त्या दिवशीचा आवाज एवढाच नव्हता. आधीच्या लग्नात तोच गायला होता, तिच्या आधी दुसरीने गायला होता. क्षणिक नादांतून जे राहत आले ते कोणाच्या तरी स्वीकारातून राहिले: गाणारीने ‘हाच तो’ म्हणून गायले, ऐकणाऱ्यांनी ‘हाच तो’ म्हणून ऐकले. ज्योत तीच आहे की नाही याचा वाद तत्त्वज्ञांनी करावा. पण रात्रभर कोणीतरी तेल घालत होते, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. ऐक्य वस्तूत आयते पडलेले नसेल तर ते राखणाऱ्याचे काम अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून बौद्धांचा आक्षेप मान्य केला तरी माझा मुद्दा ढळत नाही, उलट त्याला बळ येते.

तिसरे म्हणणे आपल्याच परंपरेच्या अभिमानातून येते. मौखिक परंपरेला यादी कधी लागली? ज्यांनी शेकडो ओव्या तोंडपाठ गायल्या त्यांना फाइल आणि फोल्डर ठाऊक नव्हते. खरे आहे, पण तिथे दुवा नव्हता असे नव्हे. तिथे गाणारी बाईच दुवा होती. ती होती तोवर नाव, चाल, प्रसंग, गाव, कोणाकडून शिकली, हे सारे एका देहात जोडलेले होते. ती गेली की सगळे एकदम सुटते. हे ज्यांनी वेळेवर ओळखले त्यांचे काम पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मावळ-मुळशीच्या डोंगरांत झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या दशकांत तिथल्या गरीब बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे हा संग्रह एक लाखावर गेला आणि महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत पोचला. बर्नार्ड बेल यांनी तो संगणकात बसवला. प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव, गाव, विषय यांची जोड दिली गेली. मात्र ध्वनिमुद्रित झाल्या त्या यांतल्या काहीच. बाकीच्या ओव्यांना शब्द आहेत, आवाज नाही. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने हा संग्रह लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्यांची माणसे नुसती फाइली चढवून थांबली नाहीत. ती पुन्हा त्या गावांत गेली, ज्या बायका हयात होत्या त्यांना भेटली, त्यांची छायाचित्रे घेतली, त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घेतले. मला हे दुवा दुरुस्त करण्याचे सर्वांत निर्मळ उदाहरण वाटते. यादीतल्या नावाने माणूस शोधला, आणि माणसाने आवाज ओळखून दिला.

नाम हेच देव, नाम आणि नामी यांत भेदच नाही, असे वारकरी मानतो. त्याच्या दृष्टीने दुवा तुटण्याचा प्रश्नच कुठे येतो, असेही कोणी विचारील. आणि याच्याच जोडीने विरक्तीचा आक्षेप असतो: हजारो गाणी साठवणे हीच आसक्ती, तुटले तर तुटू द्यावे. या दोहोंचा विचार ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सहाव्या, शब्दखंडनाच्या प्रकरणात इतक्या सूक्ष्मपणे केला आहे की दुसरीकडे जावेसे वाटत नाही. शब्दाचे खंडन करण्याआधी ते त्याचा गौरव करतात, आणि गौरव कशासाठी, तर शब्द स्मरण देतो म्हणून. जो विसरला आहे त्याला तो आठवण करून देतो. निराकाराला तो आरशासारखा होतो. खंडन सुरू होते ते आत्म्यापाशी, कारण आत्मा स्वतःला कधी विसरलेलाच नसतो. ज्याला विसर नाही त्याला आठवण काय देणार? या युक्तिवादाची धार दोन्हीकडे चालते. स्वयंप्रकाश वस्तूला शब्दाची गरज नाही, हे मान्य. पण आपण विसरतो. धवला विसरतो, चाल विसरतो, कोणाच्या ओटीवर तो ऐकला ते विसरतो. आपल्यासारख्यांसाठी शब्दाचा तो उपयोग शिल्लकच राहतो, आणि ज्ञानेश्वरांनी तो उपयोग हलका लेखलेला नाही. ज्या नामात भेद नाही ते नाम भगवंताचे. संगणकातली ‘ट्रॅक ०७’ ही खूण भगवन्नाम नव्हे, तिला अद्वैताचा आधार देता येणार नाही. विरक्ताला तर मी एवढेच विचारीन की जे त्याने स्वतः सोडले ते त्याचे होते का? मंडळाचा चाळीस वर्षांचा आवाज ज्याच्या डिस्कवर आहे त्याने तो ‘असू दे’ म्हणून पुसणे हा त्याग होत नाही. त्याच्याकडे ती ठेव होती.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शिवसूत्रांचा उल्लेख केला आहे, आणि त्याच काश्मिरी परंपरेतल्या दहाव्या शतकातल्या उत्पलदेवांनी प्रत्यभिज्ञेला दर्शनाचे नाव मिळवून दिले. त्यांनी दिलेला दृष्टान्त असा. एका तरुणीने एका पुरुषाचे गुण ऐकले आणि न पाहताच ती त्याच्यावर अनुरक्त झाली. एके दिवशी तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो, पण इतर चार माणसांसारखाच. हाच तो, हे कळत नाही तोवर त्याच्या असण्याने तिला काही लाभत नाही. अनाथ फाइलीची हीच गत आहे. ती डिस्कवर शाबूत आहे, वाजतेही, पण ऐकणाऱ्याच्या लेखी ती कोणाची तरी कुठलीतरी भजनी आरोळी. तिच्यात जे आहे ते समोर असूनही मिळत नाही. या दृष्टान्तात कोणीतरी येऊन सांगावे लागते. सांगणाराच नसता तर?

यातून काही अगदी साधी कर्तव्ये निघतात, आणि ती मला धार्मिक कर्तव्ये वाटतात. संग्रह आवरताना ‘न सापडणारी गाणी यादीतून काढा’ अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तिचा वापर सहसा करू नये. ती मुकी ओळ एवढाच त्या गाण्याचा ‘तो’ असतो. तो पुसला तर उद्या फाइल सापडली तरी तिला ‘हा’ म्हणून जोडायला दुसरे टोक उरणार नाही. वेदान्ती जागेचा त्याग करतो तो दोन्ही जागा हातात आल्यावर. आधीच एक फेकून दिली तर वाक्यच तयार होत नाही. यादी ठेवायची ती डिस्कच्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या पूर्ण पत्त्याने न ठेवता, यादी आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये राहतील अशा सापेक्ष पत्त्याने ठेवावी, म्हणजे घर बदलले तरी घरातल्या घरात नाते राहते. फाइलच्या आतही नाव लिहावे, बाहेरही लिहावे, आणि एका कागदावरही. दुवा नव्याने जोडताना नाव जुळले एवढ्यावर न थांबता गाणे शेवटपर्यंत ऐकावे, कारण एकाच नावाचे चार अभंग चार बुवांचे असू शकतात आणि चुकीचा जोडलेला दुवा तुटलेल्या दुव्यापेक्षा घातक असतो. तुटलेला निदान काहीतरी हरवले असे सांगतो. चुकीचा जोडलेला दुवा एकाचा आवाज दुसऱ्याच्या नावाने वाजवत राहतो, आणि पुढच्या पिढीला तपासून पाहण्याचेही कारण उरत नाही.

पनवेलच्या परिसरात या कामाला वेळेची मर्यादा आहे. उठलेल्या दहा वस्त्यांत ज्यांची लग्ने झाली, ज्यांनी तिथल्या सप्ताहात टाळ धरला, त्या पिढीचे कान अजून आहेत. निनावी टेप त्यांच्यासमोर लावली तर मृदंग कोणाचा, मागून खोकणारा कोण, कोणत्या वर्षीचा पाऊस पत्र्यावर वाजतो आहे, हे सांगणारे भेटू शकतात. दहा-पंधरा वर्षांनी ते भेटतीलच असे नाही. त्यांच्याकडून ऐकून नोंद करायला बसले की एक छोटा प्रश्न लगेच समोर येतो. धवलारणीचे गाव या रकान्यात काय लिहायचे, कोपर की वडघर? मला वाटते दोन्ही लिहावीत, आधी कोपर आणि मग वडघर, त्याच क्रमाने, ‘तो’ आणि ‘हा’ असतात तसे. आणि शेजारी आणखी एक रकाना आखावा, जो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये आयता नसतो: हा आवाज कोणी ओळखला, आणि कोणत्या दिवशी.